नाटकाचा तोटा कोण भरतं?

भाऊबीज आटोपली की लाखांदूर तालुक्यात पानठेल्यांच्या फळ्यांवर, एसटीच्या थांब्यांवर आणि राइस मिलच्या भिंतींवर नाटकांची पोस्टरं चढायला लागतात. दिघोरी (मोठी) हे याच पट्ट्यातलं धानाचं गाव. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून बांधीत उभा असतो. रस्त्यावरून भोंगा लावलेली गाडी फिरते आणि आज रात्री कोणत्या गावात कोणतं नाटक आहे ते सांगत पुढच्या गावाकडे निघून जाते. तेव्हापासून होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत, म्हणजे झाडीपट्टीत, नाटकाशिवाय रात्र जात नाही. महाराष्ट्राच्या दुसऱ्या कोणत्याही भागात खेड्यातला माणूस एवढ्या संख्येनं तिकीट काढून नाटक बघत नाही.

इथलं हँडबिल हातात घेतलं की नाटकाचं नाव शोधावं लागतं. वरचा भाग माणसांच्या नावांनी भरलेला असतो: उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलन, प्रमुख अतिथी आणि पाहुण्यांची लांब यादी. त्यांच्या खाली नाटक, लेखक, कंपनी आणि नटनट्यांची नावं येतात. शहरातून आलेल्या माणसाला हा मानपान खटकतो. मला मात्र तो या रंगभूमीचा उघडा जमाखर्च वाटतो. यादीतला माणूस पुढारी असेल, कृषी केंद्राचा मालक असेल, सेवा सहकारी सोसायटीचा संचालक असेल किंवा शेजारच्या गावचा सरपंच असेल. नाव छापलं म्हणजे त्यानं देणगी दिली, किंवा तो देईल अशी आशा आहे, एवढं गावाला कळतं. ज्यानं पैसे दिले त्याचं नाव सगळ्यांसमोर आहे, आणि त्याबदल्यात त्याला काय मिळालं तेही. दहा मिनिटांचं भाषण, हार, आणि पहिल्या रांगेतली खुर्ची.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता: आजच्या कलेला पैसा कोण देतो आणि बदल्यात काय मागतो. या प्रश्नावर मुंबई-दिल्लीत पुष्कळ बोललं गेलं आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं प्रदर्शन सुरू झालं. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या मोडीत काढून कोणती प्रदर्शनं भरवायची ते दिल्लीतून ठरवायचं, या धोरणावर अमोल पालेकर उद्घाटनाच्या भाषणात बोलू लागले आणि त्यांना मध्येच थांबवण्यात आलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं 2021 च्या डिसेंबरात दालनांवरून सॅकलर घराण्याचं नाव उतरवलं, कारण त्या घराण्याच्या पैशाचा उगम व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांमध्ये होता. एकीकडे सरकार पैसे देतं आणि तोंड बंद करतं, दुसरीकडे धनिक पैसे देतो आणि स्वतःची अब्रू धुऊन घेतो. वाद या दोघांभोवती फिरत राहतो. तिसरा देणारा कुणाला दिसतच नाही, म्हणून मी झाडीपट्टीत आले.

वडशातला सौदा

लाखांदूरच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्याच्या हद्दीत वडसा आहे. कागदोपत्री देसाईगंज, पण गोंदिया-चंद्रपूर मार्गावरच्या रेल्वे स्थानकाचं नाव वडसाच. या गावात नाट्यकंपन्यांची कार्यालयं शेजारी शेजारी थाटलेली आहेत. हंगामाच्या आधी गावोगावची मंडळं इथं येतात आणि कोणती कंपनी, कोणतं नाटक, कोणती तारीख हे ठरवून इसार देऊन जातात. नट-नट्या, वादक, पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा, कपडेपट हे कंपनीचं. जागा, पेंडॉल, परवानगी, जाहिरात, तिकीटविक्री आणि कलावंतांचं जेवण मंडळाचं.

या वाटणीतली महत्त्वाची गोष्ट चटकन ध्यानात येत नाही. कंपनीचा आकडा ठरलेला असतो. प्रेक्षक दोनशे आले काय आणि तीन हजार आले काय, तिचे पैसे ठरल्याप्रमाणे द्यावेच लागतात. नटाची नाईट ठरलेली, तबलजीची ठरलेली. पाऊस आला, शेजारच्या गावात त्याच रात्री मोठी कंपनी उतरली, कुणी वारलं, तर जो खड्डा पडतो तो मंडळाचा. मंडळ म्हणजे गावातली दहा-पंधरा पोरं आणि त्यांच्या पाठीशी उभी असलेली चार जाणती माणसं. नफा झाला तर तो मंदिराला, समाजमंदिराला, शाळेच्या कुंपणाला किंवा पुढच्या वर्षीच्या नाटकाला जातो. तोटा झाला तर ती माणसं आपापसात वाटून घेतात. कुणी धान विकून भरतो, कुणी उसने घेतो.

कलेचा आश्रयदाता कोण, या प्रश्नाचं झाडीपट्टीतलं उत्तर मला इथं सापडलं. देणगीदाराला आधीच ठाऊक असतं की आपले किती जाणार. प्रेक्षकाचं जास्तीत जास्त तिकीट वाया जातं. नाटक पडलं तर किती जाईल हे ज्याला माहीत नसतं आणि तरी जो वडशाला जाऊन इसार देतो, तो या रंगभूमीचा खरा पोशिंदा आहे. त्याचं नाव हँडबिलाच्या तळाशी, 'विनीत' म्हणून, सगळ्यांत लहान अक्षरांत असतं.

त्याच्या जोखमीचं गणित धानाला बांधलेलं आहे. आधारभूत केंद्रावर धान घातला, पण चुकारे आले नाहीत, तर तिकीटखिडकीवर ते त्याच आठवड्यात कळतं. बोनसची घोषणा उशिरा झाली की मंडळं कंपनी ठरवताना हात आखडतात. मुंबईतल्या नाट्यनिर्मात्याला शनिवार-रविवारच्या तारखा महत्त्वाच्या वाटतात, इथल्या मंडळाला खरेदी केंद्राच्या तारखा.

वहीत न चढणारा खर्च

मंडई हा भंडारा-गोंदियाचा खास सण. दिवाळीनंतर प्रत्येक गावाचा मंडईचा दिवस ठरतो. गोवारी समाज ढाली घेऊन येतो, दिवसा दंडार होते, बाजार भरतो, रात्री नाटक किंवा तमाशा. लेकीबाळी माहेरी येतात, जावई येतात, दूरचे सोयरे येतात. उपवर मुलामुलींच्या गाठी पडतात. मंडईत आणि नाटकाच्या पेंडॉलात जुळलेल्या सोयरिकी या भागात घरोघरी सापडतील.

पाहुणा नाटकाला येतो म्हणजे कुणाच्या तरी घरी जेवतो आणि झोपतो. एका घरी दहा पाहुणे, कुठं वीस. त्यांचं रांधणं, वाढणं, अंथरूण, पहाटे नाटक सुटल्यावरचा चहा आणि दुसऱ्या दिवशीचं मटण हा सगळा भार घरातल्या बायांवर असतो. मंडळाच्या वहीत पेंडॉलचं भाडं असतं, डिझेल असतं, हारांचे पैसे असतात. हा खर्च कुठंच नसतो. पण पाहुणचार काढून घ्या, पेंडॉल निम्मा रिकामा होईल. म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकाचा मोठा भाग चुलीपाशी उभ्या असलेल्या बायांनी पोसला आहे. त्यांतल्या कितीतरी जणी भांडी आवरून पेंडॉलात पोहोचतात तेव्हा पहिला अंक संपलेला असतो. आश्रयदात्यांची यादी करायला बसणाऱ्यानं ही नोंद आधी करावी.

बैल थांबले, नाटकं थांबली

शंकरपट आणि नाटक यांचं नातं बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पट पाहायला दिवसभर हजारो माणसं जमतात आणि रात्री तीच माणसं नाटकाला बसतात. मोठ्या पटाच्या गावात एकाच रात्री दोन-तीन पेंडॉल लागतात, वेगवेगळ्या कंपन्यांची नाटकं होतात, आणि सगळी भरतात.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. प्राण्यांच्या छळाचा मुद्दा गंभीर आहे आणि त्यावर न्यायालयानं विचार केला हे योग्यच. पण त्या निकालाचा एक धक्का रंगभूमीला बसणार आहे, याचा विचार कुठल्याच टेबलावर झाला नाही. पट बंद झाले तिथं पटाच्या रात्रीचं नाटकही पोरकं झालं. मंडळांनी कुठं कबड्डीचे सामने घेतले, कुठं मंडईचा आकार वाढवला, कुठं नाटक सोडून दिलं. 2017 मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयानं अटींसह शर्यतींना परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. पट परत आले. मधल्या हंगामांत ज्यांनी तोटे सोसले ती मंडळं सगळीच परत आली नाहीत.

एखाद्या कलेचा पैसा तिच्या शेजारच्या भलत्याच गोष्टीत मुरलेला असतो, आणि ती गोष्ट हलली की कला हलते. सांस्कृतिक धोरण लिहिणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण त्यांच्या कागदावर पट पशुसंवर्धनात आणि नाटक सांस्कृतिक कार्यात असतं.

राजा गेला, मालगुजार गेला

आश्रयदाता हरपण्याचा अनुभव मराठी नाटकाला जन्मापासून आहे. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. 1851 मध्ये चिंतामणराव वारले आणि दरबाराचा हात निघाला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव दौरे काढले, 1853 मध्ये मुंबई गाठली, तिकीट लावलं. मराठी व्यावसायिक रंगभूमीची वाट त्या अडचणीतून निघाली.

पूर्व विदर्भात राजाच्या जागी मालगुजार होता. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात. गावातली हौशी माणसं भात घरात आल्यावर नाटक बसवत, पुरुषच लुगडी नेसून नायिका होत, आणि गॅसबत्तीपासून पडद्यापर्यंतचा खर्च मालगुजाराच्या वाड्यातून किंवा गावच्या वर्गणीतून निघे. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली. नाटक मात्र गेलं नाही. वाड्याची जागा मंडळानं घेतली, हळूहळू शहरातून नट्या येऊ लागल्या, मग गावातल्या नटांची जागा कंपनीनं घेतली. गावानं नाटक करण्याऐवजी नाटक आणायला सुरुवात केली. त्यात सफाई आली, दिवे-आवाज आले, गावातल्या पोरानं उभं राहून बोलण्याची संधी मात्र कमी झाली. माझ्या मते हा या रंगभूमीचा सगळ्यांत मोठा तोटा आहे. कुठल्याही कंपनीच्या यशानं तो भरून निघालेला नाही.

तिकीट काढणाऱ्याचं म्हणणं

सरकारचा पैसा नको, प्रेक्षकाच्या जिवावर कला जगली पाहिजे, असं म्हणणाऱ्यांनी झाडीपट्टीत एक रात्र बसावं. नाटक दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. प्रेक्षक दिलदार आहे, चांगलं पद पुन्हा म्हणायला लावतो, रडतो. पण त्याचंही मागणं असतं. दोन प्रवेशांच्या मध्ये नाच हवा असतो. कुठं कथेत त्याला जागा असते, कुठं ओढून आणलेली असते. मंडळ सौदा करतानाच नृत्यांगना किती, हे विचारतं, कारण पोस्टरवर ते छापायचं असतं. जाणत्या लेखक-नटांना हे सलतं. ऑर्गन-तबल्यावर शास्त्रोक्त पदं गाणारी पिढी त्यांनी पाहिली आहे.

तरी याच प्रेक्षकानं शेतकऱ्याच्या आत्महत्येवरची, हुंड्यावरची, विधवेच्या पुनर्विवाहावरची, दारूबंदीवरची नाटकंही उचलून धरली आहेत. सदानंद बोरकर, युवराज प्रधान, अनिरुद्ध वनकर यांच्यासारखे लेखक-कलावंत याच तिकीटखिडकीवर उभे राहिले. गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे याच पेंडॉलांत हजारो प्रयोग करत गेले आणि 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर आठशे वेगवेगळ्या भूमिका सांगितल्या जातात. आठशे भूमिका करणारा नट तालमीत कधी बसेल? बसतच नाही. समोर, प्रेक्षकांना दिसणार नाही असा, प्रॉम्प्टर बसलेला असतो. तो अख्खं नाटक वाचत जातो आणि नट ते ऐकत ऐकत भूमिका उभी करतात. काल एक नाटक, आज दुसरं. हे कौशल्य विलक्षण आहे. पण ते गरजेतून आलेलं आहे: तालमीच्या दिवसांचे पैसे कुणीच देत नाही. मंडळ एका रात्रीचे देतं, म्हणून कंपनी एका रात्रीचेच घेते आणि देते.

प्रेक्षकाच्या आश्रयाची मर्यादा तिथं आहे. तो झालेल्या प्रयोगाचे पैसे देतो. तालमीचे, नव्या संहितेच्या कच्च्या खर्ड्याचे, प्रॉम्प्टरच्या पेटीत विटत चाललेल्या हस्तलिखितांचे, गळा गेलेल्या गायकनटाच्या औषधाचे पैसे तिकिटातून निघत नाहीत. होळीनंतर नट शेतात जातो, नटी शिवणयंत्रावर किंवा दुसऱ्या कामावर, आणि म्हातारपण आलं की राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंत मानधन. 2024 पासून ते दरमहा 5,000 रुपये झालं आहे. आधीच्या रकमेपेक्षा बरं आहे. पण त्यासाठी कलेच्या क्षेत्रातली वर्षं पुराव्यानं दाखवावी लागतात, आणि ज्याचं आयुष्य तोंडी सौद्यांवर गेलं त्याच्याकडे पुरावा म्हणून पिवळी पडलेली हँडबिलं असतात. ती ज्यांनी जपली नाहीत त्यांचं काय?

चार भिंती असलेलं नाटक

सरकारच्या योजना नाहीत असं नाही. व्यावसायिक नाटकांना प्रयोगामागे अनुदान आहे, तमाशा, दशावतार, खडीगंमत यांच्या संचांना भांडवली आणि प्रयोग अनुदान आहे, केंद्राची गुरू-शिष्य पद्धतीची रेपर्टरी योजना आहे. कंपनी कायदा 2013 नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि त्या यादीत कला-संस्कृतीही आहे. पण या सगळ्यांना समोर एक नोंदणीकृत संस्था लागते, लेखापरीक्षण झालेले हिशेब लागतात, आणि अनुदान मिळतं ते सादर करणाऱ्याला. झाडीपट्टीत जोखीम घेणारा सादर करणारा नसून बोलावणारा आहे. तो दर वर्षी नव्यानं जमतो आणि होळीला विखुरतो. त्याच्यासाठी अर्जाचा नमुनाच नाही.

कायद्याच्या डोळ्यांपुढे नाटक म्हणजे चार भिंतींतलं नाट्यगृह. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहाला त्यातून सूट, उघड्या पेंडॉलाला नाही. सणासुदीला वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, पण झाडीपट्टीचं नाटक मध्यरात्री ऐन रंगात असतं. त्यामुळे पोलीस परवानगी हा प्रत्येक मंडळाचा दर वर्षीचा घोर. करोनात हेच दिसलं. नोव्हेंबर 2020 मध्ये राज्यानं नाट्यगृहांना निम्म्या क्षमतेनं परवानगी दिली. पेंडॉलाला क्षमताच नसते, म्हणून निम्मी मोजणार कशाची? ऐन हंगाम कोरडा गेला, आणि या कलावंतांचं वर्ष त्या चार-पाच महिन्यांवरच उभं असतं.

तोट्याची हमी

पैसे देणाऱ्यानं कलेत ढवळाढवळ करू नये म्हणून काय करावं, यावर इंग्लंडमध्ये महायुद्धाच्या काळात एक साधी तोड निघाली होती. 1940 मध्ये तिथं कलांना मदत करणारी परिषद स्थापन झाली आणि 1946 मध्ये तिचंच आर्ट्स कौन्सिल झालं. सरकार पैसे देणार, वाटप मात्र सरकारबाहेरची समिती करणार, हे तिचं तत्त्व पुष्कळांना माहीत आहे. तिची पैसे देण्याची एक रीत तेवढी माहीत नाही. ती संस्थेला तोट्याची हमी देत असे. प्रयोग चालला तर परिषदेचा पैसा खर्च होत नसे. पडला तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत तूट परिषद भरून देई.

झाडीपट्टीला नेमकी ही रीत लागू पडते असं मला ठामपणे वाटतं. महोत्सव भरवून वडशाच्या कंपन्यांना नागपूर-मुंबईला नेण्यात पैसा घालण्यापेक्षा तो इथं घालावा. जिल्हा पातळीवर एक निधी असावा. मंडळानं हंगामाआधी ग्रामसभेत नोंद करावी, वडशाच्या सौद्याची पावती, पेंडॉलचं बिल आणि तिकिटांची अर्धुकं जपावीत. तूट आली तर तिचा ठरावीक वाटा निधीतून मिळावा. नफा झाला तर काही मागू नये. दिघोरीसारख्या गावात अर्धुकं मोजणं अवघड नाही, सोसायटीचा सचिव एका दुपारी ते काम करेल. शिवाय या नोंदींत कंपनी, नट, वादक, प्रॉम्प्टर यांची नावं आपोआप चढतील, आणि वीस वर्षांनी मानधनाचा अर्ज भरणाऱ्याला हँडबिल शोधत फिरावं लागणार नाही. मंडळाची भीती थोडी कमी झाली तर ते ओळखीच्या नाटकाऐवजी एखादं नवं नाटक घ्यायला धजेल. गावातल्याच पोरांचा एक प्रवेश आधी ठेवायलाही कदाचित तयार होईल.

हे बोलून दाखवलं की सुशिक्षित माणसांकडून एक आक्षेप हमखास येतो: मग नाच घुसवलेल्या नाटकांचा तोटाही सरकारनं भरायचा का? माझं उत्तर हो असं आहे. निधीनं अर्धुकं मोजावीत, पावत्या बघाव्यात आणि संहिता मागू नये. कोणतं नाटक आणायचं हे दिघोरीच्या मंडळानं वडशाच्या बाकावर बसून ठरवावं, आणि ते आवडलं नाही तर गावानं दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर मंडळाला तोंडावर सांगावं. हा हिशेब गाव दर हंगामात घेतंच. त्याला वरून निरीक्षक लागत नाही.